डावा आटा

मुखपृष्ठ तौफिक मुजावरनं केलं,
लक्ष्मीपुरीत, दोन वाढदिवसांच्या फ्लेक्सच्या मधल्या वेळात.
"मॅडम, शुभेच्छुक खाली घालायचे का?"
नको म्हटलं. मग त्याला ती मोकळी जागा बघवेना,
त्यानं तिथं ठिणग्या टाकल्या,
मागच्या आठवड्यात कुणा भावी नगरसेवकाच्या
फेट्यामागं उडालेल्या, त्याच.
तीनशे रुपये. चहा त्याच्याकडून.

पुण्याच्या प्रकाशकानं चाळीस हजार मागितले होते,
तीनशे प्रती घरपोच.
घर म्हणजे राजारामपुरीत मागच्या गल्लीला दीड खोली.
प्रती झोपल्या असत्या पलंगाखाली
आणि मी त्यांच्यावर.

म्हणून ही अशी, वजन नसलेली.
'शिरोलीची रात्रपाळी', कादंबरी, एकोणपन्नास रुपये.
फाईल चढवताना जोडाक्षरं फुटली,
रफार भलत्याच डोक्यांवर जाऊन बसले,
चार रात्री मी ते उतरवत होते.

मग विकणं.
भिशीच्या ग्रुपवर लिंक टाकली:
सतरा अंगठे, एक नमस्कार,
आणि प्रज्ञावहिनींचं, "पीडीएफ पाठव ना."
शाळेच्या बॅचवर ॲडमिन म्हणाला, इथं जाहिराती नकोत,
स्वतःच्याच प्लॉटच्या जाहिरातीखाली.
मिसळवाल्यानं गल्ल्याशेजारी क्यूआर कोड चिकटवू दिला,
दोन दिवसांत तिघांनी त्यावर
मिसळीचे पैसे भरायचा प्रयत्न केला.
तीन दिवस फुकट ठेवली, दोनशे बारा जणांनी उतरवून घेतली.
चौथ्या दिवशी किंमत लावली
आणि आलेख आडवा झाला.

कोण वाचतंय ते दिसत नाही.
किती पानं, तेवढं दिसतं.
रविवारी एकतीस. मंगळवारी शून्य.
गुरुवारी रात्री एकशे अठ्ठ्याऐंशी.
मी अंथरुणात उठून बसले.
कुणीतरी सदाशिवबरोबर अख्खी पाळी काढत होतं.

शुक्रवारी तीन तारे, आणि खाली:
"गॅसच्या बाटल्याचा नट डाव्या आट्याचा असतो.
पान १४१ वर सदाशिव तो डावीकडं फिरवून सोडवतो.
सोडवत नाही, आवळतोय.
बाकी बरं आहे. लेखिकेनं एकदा खाली यावं."

खाली.
अकरा वर्षं मी फाउंड्रीच्या ऑफिसात काचेमागं
पगारपत्रकं करते.
ठोके ऐकत ऐकत लिहिलं सगळं.
सतरा पायऱ्या आहेत मधे.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीत उतरले.
"पगारात काय चुकलं काय?" वेल्डिंगवाले आकारामदादा.
नाही. नट बघायचाय.
बाटला बंद असल्याचं त्यांनी दोनदा तपासलं,
पाना माझ्या हातात दिला. "फिरवा की."
हात सवयीनं डावीकडं गेला.
पाना हलेना.
"आता उजवीकडं."
नळीत अडकलेलं काहीतरी फुस्स करून सुटलं
आणि लसणाचा वास आला,
फोडणीआधीच्या, ठेचलेल्या लसणाचा.
अख्ख्या कादंबरीत तो वास नव्हता.

रात्री दीडला एक शब्द बदलला.
लसूण घातला, अर्धी ओळ.
फाईल पुन्हा चढवली. तपासणी सुरू आहे, असं आलं.
पलंगाखाली त्या प्रती असत्या
तर तीनशेच्या तीनशे सदाशिव
जन्मभर आवळतच बसले असते.

तारे अजून तीनच आहेत.

सोमवारी आकारामदादांना लिंक द्यायला गेले,
मोबाईल पुढं धरून, जरा लाजतच.
त्यांनी काच वर केली नाही, हातमोजा काढला नाही.
"नवी आली न्हाई अजून मला," म्हणाले,
"जुनीच दावतंय."