मैदालकडी

गंगावेशीतून निघताना आप्पांनी
तेलाच्या बाटलीचं बूच डाव्या हातानं तीनदा तपासलं.
उजवा हात दोन वर्षं झाली मांडीवरच आहे,
कुणी विसरून गेलेल्या छत्रीसारखा.
"शिकवायला चाललीयस," म्हणाले,
"दाखवायला न्हवं."

गारगोटीपर्यंत एसटी, पुढं दुधाचा टेम्पो.
रिकाम्या कॅनांच्या खडखडाटात मी धडा जुळवत राहिले:
मनगट, कोपर, खुबा,
मुरगळा कुठला, मोड कुठली,
आणि कुठं हात लावायचाच नाही, सरळ दवाखाना.
हे शेवटचं आप्पांच्या धड्यात नव्हतं.
माझं आहे.

त्यांचा धडा तरी मला कुणी दिला होता?
तालमीत मुलींना आत घेत नसत.
उंबऱ्याबाहेर डबा घेऊन बसायची मी,
आतून तांबड्या मातीचा, ताकाचा, हळदीचा वास यायचा,
आणि एखाद्या पैलवानाचा खांदा जागेवर जाताना
टक्क.
तो आवाज मी आधी शिकले. हात नंतर.

समाजमंदिरात अकरा बायका
आणि शाळा बुडवलेलं एक पोर.
त्याचाच घोटा घेतला मधे.
म्हटलं, डोळे मिटा. अंगठा ठेवा.
दाबू नका, ऐका.
"बोटाला कान असत्यात व्हय?" कुणीतरी म्हणालं,
आणि पोराला गुदगुल्या झाल्या, सगळ्याच हसल्या.
येसाक्का तेवढी हसली नाही.
अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेला तिचा अंगठा
घोट्यावर कावळ्यासारखा बसला, मान वाकडी करून.
"हितं गरम हाय," म्हणाली.
होतं.

दुपारी तीच म्हणाली, चला, राई दावते.

ओढ्याच्या अलीकडं चपला काढल्या.
पलीकडं ऊन संपतं.
पैलवानाच्या मांडीएवढा गारंबीचा वेल
तीन झाडं ओलांडून कुठं गेला ते दिसत नाही.
पडलेली फांदीसुद्धा इथं पडल्या जागी माती होते,
चुलीत जात नाही.
देव म्हणजे शेवाळलेला एक दगड. नाव विचारलं
तर म्हणाली, "राईतली."
एवढंच.

मग एका खोडाशी थांबली. "आन ह्यो मैदा."

मैदालकडी!
जन्मभर मी तिला पुडीत पाहिलेलं,
काष्ठौषधीच्या दुकानात, तागडीत, पिठासारखी,
हल्ली तर निम्मी भेसळच.
किती हाडांना तिचा लेप बांधला,
आणि तिला पानं असतात हे ठाऊक नव्हतं मला.
पट्ट्या कापायची सुरी पिशवीत होती.
हात पिशवीत गेला.
खरंच सांगते, गेला.

येसाक्का काही बोलली नाही.
माझं मनगट धरलं, खोडाच्या मागच्या अंगाला नेलं,
अंगठा टेकवला माझा.
"डोळं मिटा," म्हणाली. "दाबू नगा."

सालीला तिथं ओठ होते.
जाड, आत वळलेले,
मधल्या उघड्या लाकडाकडं निघालेले.
मिटायला बोटभर बाकी.

"कुणी काढली?"
"माज्याच मालकानं. लेकाचा पाय मोडला व्हता."
"मग?"
"पाय जुळला. लेक नोकरीला हाय हुपरीत, चांदीच्या कारखान्यात.
झाड अजून जुळतंय."

परतीला तोच टेम्पो, आता कॅन भरलेले, आवाज नाही.

घरी आल्यावर आप्पांनी विचारलं, काय आणलंस?
काय सांगणार?
त्यांचा उजवा हात उचलला,
माझ्या कोपरावरच्या जुन्या व्रणावर ठेवला.
आठवीत असताना त्यांनीच बसवलेलं ते कोपर.
म्हटलं, एवढं जाड. कडेनं असं वळलेलं.
ते बराच वेळ भिंतीकडं बघत होते.

अंगठा हलल्यासारखा वाटला.
किंवा टेम्पोची थरथर
माझ्याच हाडांत उरली असेल.
मी दाबून पाहिलं नाही.