डागांची जागा

रात्री अकराला मी तिसरा मजला घेते.
ओउलूत तेव्हा उणे बावीस,
बाहेर समुद्र गोठून रस्त्यासारखा पडलेला,
आणि आत केर्त्तू, पायात लोकरी मोजे, दोन पडद्यांपुढे
एक स्वयंपाकघर मळवत बसलेली.

मळवत. बरोबर ऐकलंत.
आधी तिनं ते लख्ख बांधलं होतं :
चारशे खोल्या, चारशे ओटे, खिडकीत हवी ती सकाळ.
यंत्रानं तिथं पाहायला शिकायचं
आणि मग खऱ्या घरात जाऊन
एखाद्या म्हाताऱ्याला त्याचा कप शोधून द्यायचा.
खऱ्या घरात ते आंधळं झालं.
"कोरी भिंत त्याला भिंत वाटतच नाही," ती म्हणाली,
"ज्यावर ओरखडा नाही, ते त्याला दिसत नाही."

मी बादली खाली ठेवली.
एकतीस वर्षं मी ओरखडे सोडून बाकी सगळं पुसत आलेय.

तिनं डाग भिरकावले होते मूठभर तिळांसारखे,
छतावर लिंगनबेरीचा मुरंबा, दाराच्या माथ्यावर बोटं.
मला हसू आवरेना.
अगं, डागालाही घरदार असतं.
बोटांचे ठसे कडीच्या वर चार अंगुळं, कडीवर नाही.
दिव्याच्या बटणाभोवती काळपट खळं,
कारण अंधारात माणूस चाचपडतो.
नळामागं पांढरं पुट.
फ्रिजवर गुडघ्याच्या उंचीला एक मूल.
आणि चार खुर्च्यांपैकी एकच सरकत असेल
तर जमिनीवर रेघाही एकीच्याच.

ती लिहून घेत राहिली. कॉफी निवली.
"टेबलावर कपाचं वर्तुळ कुठे टाकू?"
मी म्हटलं, आधी सांग, माणूस डावखुरा आहे का?
बसतो कुणासमोर?
ती पडद्याकडे बघत राहिली.
चारशे घरं, आणि त्यांत माणूस एकही नव्हता.

माझा वेईक्को डावखुरा होता.
हे तिला सांगितलं नाही.
डावीकडे टाक, एवढंच म्हटलं.

मार्चअखेर आकडा एकसष्टवरून चौसष्टवर आला.
ती मोज्यांवर घसरत आली, मला मिठी मारली,
मॉप आडवा झाला.
तीन टक्के म्हणजे किती कप, मी विचारलं.
हिशेब काही तिनं केला नाही,
तो जड चष्मा माझ्या डोक्याला बांधला.

टेबल. सकाळ. वर्तुळ, फिकट, डावीकडे.
हात आपसूक एप्रनच्या खिशात गेला.
फडकं खरं होतं.
टेबल मात्र हाताला लागेना,
आणि मी वेडी, दोनदा पुसून पाहिलं.

तिच्या खुर्चीमागच्या काचेवर
एक तेलकट ठसा असतो, कपाळाएवढा.
आकडा हलायची वाट बघत ती रात्रभर तिथं टेकते.
काच मी रोज पुसते, कडेकडेनं.

आज कपाटावर वरिष्ठांची चिठ्ठी होती :
राइली, तिसऱ्या मजल्यावरची एक काच नीट होत नाही.

खरं आहे. होत नाही.