कूस

रात्री दोनला पाच जणी येतात.
एक डोकं धरते, एक खांदे,
दोघी कंबर आणि पाय.
पाचवी कशालाच हात लावत नाही,
ती फक्त आकडा बघते.

मॉरीन मोजते, वन, टू, थ्री,
आणि यशोधन,
तीन आठवड्यांपूर्वी पन्हाळीतली पानं काढायला
शिडीवर चढलेला माझा नवरा,
ओंडक्यासारखा एकसंध
डाव्या कुशीवर वळतो.

अठ्ठावन्न.
एक्केचाळीस.
तेहतीस.

"थांबा," पाचवी म्हणते.
कोणी ओरडत नाही. सुई ट्रेमध्ये भरूनच ठेवलेली असते.
मी खुर्चीचा हात धरून
दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत उभी.
तिथे फार थंडी असते.

डॉक्टर हॅलोरननं चहाच्या पावतीमागे काढून दाखवलं:
वेग वाढवणारी तार मानेतून खाली जाते, ती गेली.
लगाम ओढणारी नस गळ्याच्या कडेनं, आडवाटेनं.
ती शाबूत.
म्हणजे ब्रेक आहे, ॲक्सिलरेटर नाही.
बावीस वर्षं बस चालवलेल्या माणसानं
गळ्यात नळी असताना नुसते ओठ हलवले.
मला तीनदा वाचावे लागले.
"मग उतारावरून घे म्हणावं."

साउथपोर्टला आम्ही पहिल्यांदा आलो ते समुद्र बघायला.
धक्क्याच्या टोकापर्यंत चाललो तर खाली नुसती वाळू,
मैलभर, ओली, चकाकणारी.
कुत्रं फिरवणाऱ्या म्हाताऱ्याला यशोधननं विचारलं,
गेला कुठे?
म्हातारा म्हणाला, येईल की.
आम्ही वाट न बघता चिप्स खाऊन परतलो.

मार्चमध्ये सगळं उलटं.
कपाळावर घामाचे थेंब, चेहरा लालबुंद,
छातीखाली कातडी कोरडी ठणठणीत.
रक्तदाब दोनशे दहा, आणि ठोके तरीही मंदच.
डोकं फुटतंय, हे त्याचे डोळे सांगत होते.
उशाचा भाग उचला, चादर काढा, शोधा, शोधा...
मांडीखाली मुडपलेली लघवीची नळी.
बस्स, एवढंच.
ज्या मांडीची त्याला खबर नाही
तिनं थेट हृदयापर्यंत बोंब ठोकली होती.
मी नळी सरळ केली.
तेव्हापासून भेटायला गेले की
आधी नळी, मग कपाळ, मग "कसा आहेस".

घरी हा रात्रीतून वीसदा कूस बदलायचा,
दर वेळी रजई ओढून न्यायचा.
मी भांडायचे. एकदा तर वेगळी रजई आणली,
तीही त्यानं ओढली.

आता रजई पूर्ण माझी.
दोनला जाग येते.
वळायचं असतं, पण आधी
मनात मोजते, वन, टू, थ्री,
आणि कोणीतरी "थांबा" म्हणेल म्हणून
जराशी थांबते.