दोन मात्रा

संध्याकाळी सहा ते अकरा एका पेपरात,
अकरा ते तीन दुसऱ्यात.
मधे एक गल्ली, एक लंगडं कुत्रं
आणि सराफ्याकडून येणारा तुपाचा वास.
इकडे मी सखाराम, तिकडे एस. के.
दोन्ही मालकांना ठाऊक होतं, बोलत नसत;
इंदुरात तेव्हा उलटं वाचता येणारी माणसं
मोजकीच होती.

पुंतांबेकर लिहायचे 'पवेलियन से',
डिके लिहायचे 'सीमारेखा'.
दोघेही रामबागेतले, दोघेही चहा मराठीत मागणारे,
पण भांडायचं ते हिंदीत, दर गुरुवारी, पान सात.
पुंतांबेकरांचा फोटो दोन बोटं रुंद छापून आला,
तर डिक्यांनी अडीच बोटांचा ब्लॉक करून घेतला.
त्यात त्यांना केस होते.

भांडण एका झेलाचं.
नेहरू स्टेडियमवर, चहापानाआधीच्या षटकात,
देवासच्या एका पोरानं स्लिपमधे घेतलेला.
पुंतांबेकर म्हणाले, चेंडू गवताला लागला होता.
डिके म्हणाले, खाली बोटं होती, मी मोजली.
अकरा वर्षं.
पंच वारले. जो बाद झाला
त्यानं साड्यांचं दुकान काढलं, नातू खेळवले.

'कुछ लोग चश्मा घर भूल आते हैं.'
हे पुंतांबेकरांचं, मी साडेनऊला जुळवलं.
'और कुछ लोग आँखें.'
हे डिक्यांचं, मी दीडला जुळवलं.
सकाळी दोन्ही पेपर एकाच सायकलवरून निघाले
तेव्हा लोक म्हणाले, भिया, काय हजरजबाबी माणूस!
डिक्यांना रात्रीच कसं कळलं, ते मला विचारू नका.
ओलं प्रूफ चौघडी करून खिशात मावतं,
आणि कचोरी त्या काळी चार आण्यांना होती.
पुढच्या गुरुवारी पुंतांबेकरांसाठी
डिक्यांच्या मजकुराचा वास मी आदल्या दिवशीच काढायचो.
त्यांच्याकडून आठ आणे घेतले.
ते ज्येष्ठ होते.

'मैंने पहले ही लिखा था.'
'मैं तब भी अकेला था, मैं आज भी अकेला हूँ.'
अशानं माझा एक खण दिवाळीआधीच झिजला.
एका रात्री दोन मात्रांचे खिळे संपले
आणि मी बेधडक एकेकच मात्रा लावत गेलो:
मैं चा में.
पुंतांबेकर त्या दिवशी स्तंभभर
'मी' नव्हते. नुसते 'मधे' होते.
कशाच्या मधे, ते वाक्य सांगत नव्हतं.
वाचकांचं एकही पत्र आलं नाही.
ते मात्र छत्री घेऊन आले, छापखान्यात उभे राहिले,
एकवीस ठिकाणी लाल खूण करून.
'सखाराम,' म्हणाले, अगदी हळू, मराठीत,
'मला काढून टाकलंस की रे.'

आणि मग तो आला, जयवंत उबाळे,
मुलीच्या लग्नाच्या पत्रिका छापायला.
तोही छापखान्यातलाच, देवासला, जिथं नोटा छापतात.
पोट सुटलेलं. नाव वाचून मी स्टिक खाली ठेवली.
विचारलं. अकरा वर्षांत
कुणीच विचारलं नव्हतं त्याला.
तो हसला. आधी कागदाचा भाव विचारला, मग म्हणाला,
'झेल होय? मी तर डोळे मिटले होते.
उघडले तेव्हा चेंडू हातात होता
आणि सगळे माझ्याकडे धावत येत होते.
मग मीही धावलो.'

आयुष्यात माझ्या हाती लागलेली ती एकच बातमी.
साडेनऊला देता आली असती, दीडलाही.
रुपया सहज मिळाला असता, दोघांकडून मिळून दोन.
मी स्टिक उचलली
आणि 'आमचे येथे श्रीकृपेकरून' जुळवायला घेतलं.
त्यात दोन मात्रा कुठेच लागत नाहीत.
एक मात्रा लागते, ती भरपूर होती.