हाक मारायला काय

त्या आठवड्यात दस्तगीर नदाफ रस्ते विसरला होता.
रस्ते होतेच कुठे,
कर्नाळ रोडवर बारा फूट कृष्णा
आणि तिच्यावर आमची होडी.

तो वर बघून वल्हवायचा.
"मोराची टाकी दिसली? तिथनं डावीकडं.
निळ्या पत्र्यावर दोन माणसं न् शेळी,
ते हारुगडे मास्तरांचं."
मी बिस्किटांचे पुडे फेकत होतो
आणि पहिल्यांदाच बघत होतो माझी सांगली
डोक्याकडून.

कुणी कठड्यात शंख बसवलेले.
कुणी सिमेंटचं विमान, पोरगा कुवेतला गेला म्हणून.
एका घराला नुसत्याच सळया,
वरचा मजला अजून मनात.
मी जे शिकलो त्यात हे सगळं
बेढब म्हणून खोडायचं असतं.
पण हाका त्यालाच लागत होत्या:
"ओ विमानवाले! किती जण हाय?"

पाणी उतरलं, भिंती फुगल्या,
मग प्लॉट एकत्र झाले.
खाली पार्किंग, वर पाच मजले.
नकाशे आमच्या ऑफिसातले,
खरं सांगायचं तर माझ्याच कॉम्प्युटरवरचे.
एक काढला.
बाकीचे अकरा कॉपी, पेस्ट, नाव बदल.
राखाडी पट्टा, पांढरा पट्टा, काचेचा कठडा.

पुढच्या खेपेला पाणी खालून जाईल,
माणसं कोरडी राहतील, हे काही खोटं नाही.
विमानवाल्या मगदूम काकी आता तिसऱ्यावर,
लिफ्ट आहे, गुडघे खूश आहेत.
दोनदा शेजारच्याच इमारतीत जाऊन
परक्या दाराला किल्ली लावत बसल्या,
तेवढंच.

काल दस्तगीर ऑफिसात आला, एका खोलीच्या परवानगीसाठी.
भिंतीवरच्या बाराही इमारती
बोट ठेवून मोजल्या त्यानं.
"छान हायत. पण ह्यातल्या कुणाला
काय म्हणून हाक मारायची?"
म्हटलं, ए, बी, सी लिहिलंय की.
"कुठं?"
गेटवर.
तो हसला नाही.
"गेट पाण्याखाली असतंय, साहेब."

रात्री फाईल उघडली.
एफ इमारतीच्या टाकीपाशी
कर्सर कितीतरी वेळ लुकलुकत राहिला.
मोर मला येत नाही.
कोंबडा काढून पाहिला,
बदकासारखा झाला.

राहू दे.
पाण्यात बदकच बरं.