खळं

रात्री अडीचला नेमेसिया चाइले
कंट्रोल रूमची फरशी पुसायला येते.
वर, पाच हजार मीटरांवर, चाहनांतोरच्या पठारावर
अँटेना सगळ्या एकाच दिशेला माना वळवून.
हवेत आज पाणी नाही. अर्धा मिलिमीटर, ओस्वाल्दो म्हणतो.
म्हणजे अख्खं आभाळ पिळलं
तर नखाच्या जाडीएवढी ओल.

पडद्यावर सावकाश उमटतो तारा,
दहा लाख वर्षांचा, नाळही न सुकलेला,
भोवती धुळीची चकती,
तीत एक काळं कडं. मग दुसरं.

ओस्वाल्दोला झोप घालवायची असते, तो सांगत राहतो:
आधी नुसता धूर. धुराचे कण
हळू आले तर चिकटतात,
जोरात आले तर फुटतात,
आणि अधल्यामधल्या वेगाने आले
तर टक्कर घेऊन आपापल्या वाटेने जातात.
खडे झाले की वायू त्यांचा वेग खातो,
घरंगळतात ताऱ्याच्या तोंडात.
बहुतेक सगळे.

"मग उरतं कोण?"
"कुठे वायूला घडी पडली, तर तिथे अडकलेले."
तो थांबतो.
"पुढचं नीट माहीत नाही."

नेमेसिया वाकते. कपाटामागून
फडक्यावर येतो करड्या धुळीचा बोळा:
केस, लोकर, वाळवंट, कुणाच्या बिस्किटाचा चुरा.
"हा कुणी वळला?
दर मंगळवारी झाडते मी. दर मंगळवारी असतो."

मग काळ्या कड्याजवळ बोट नेते, काचेला न लावता.
"इथे?"
"ग्रह असावा. दिसत नाही.
त्याने फिरून फिरून झाडलेली वाट तेवढी दिसते."

"सोकाइरेला आजोबांच्या खळ्यात
खेचरं फिरायची खांबाभोवती.
संध्याकाळी सोडून नेली
तरी त्यांची चाल तिथेच राहायची, गोल.
एकदा मी झोपले होते त्यात.
रात्रभर पाठीला लागत होती."

ओस्वाल्दो काही बोलत नाही. वेळेची नोंद करतो.

चारला वारा उठतो. वर अँटेना कामावरून हटतात.
तारा पडद्यावर अर्धवट.
त्याच्याकडे अजून काही लाख वर्षं आहेत,
मग वायू उडून जाईल,
झालं ते झालं.

बादली उचलताना नेमेसिया
तो बोळा तळहातावर तोलून बघते.
वजन लागत नाही.