प्रश्न चौदावा

एकतीस वर्षं झाली, मी गाइडं लिहितो.
नाव छापत नाहीत. कव्हरवर असतं 'अनुभवी प्राध्यापक',
आणि प्राध्यापक मी कधीच नव्हतो.
सीताबर्डीच्या मागच्या बोळात, जिन्याखालच्या खोलीत
दर दोन तासांनी कूलरमध्ये बादली ओततो
आणि अमेरिकेची माणसं मुद्द्यांत बसवतो.

मळ्याचा मालक: महत्त्वाकांक्षी, एकाकी. मुद्दे सात.
युद्धावरून परतलेला मुलगा: अपराधभाव. मुद्दे पाच.
पांढऱ्या खांबांचं घर: प्रतीक. हे हमखास विचारतात.
नदी: हेही.
मग आशयसूत्रं. स्वप्न, पैसा, पाप, एकटेपणा,
आणि उत्तर दीडशे शब्दांवर गेलं
की नंदनवारभाऊ लाल पेनानं छाटतात.
कागद महागला, म्हणतात. पोरं कुठं एवढं वाचून राह्यली.

ती कादंबरी मी अकरा वेळा वाचली असेन.
बाराव्यांदा, मे महिन्यात, वीज गेलेली,
पान दोनशे बारावर एक बाई आली.
आधीही येतच असणार.
मालक जेवायला निघालाय. तिच्या उजव्या हातात दिवा.
ती वाकून त्याच्या कोटावरचे कापसाचे तंतू वेचते
आणि जाते.
एवढंच. नाव नाही, बोलणं नाही, पुढं कुठं येत नाही.
गौण पात्रांच्या यादीतही तिला जागा होईना.

माझी आई गिरणीत रिळिंगला होती.
पाळी सुटली की भुवयांवर रुई घेऊन यायची,
अठ्ठावीस वर्षांची, पांढऱ्या भुवयांची.
आरशात बघून म्हणायची, झाली बाप्पा तुझी माय म्हातारी!
मी चिमटीनं वेचायचो. तिला शिंक यायची.
तिचं खातं बंद झालं त्या आठवड्यात
मी परीक्षेत याच मालकाच्या एकाकीपणावर लिहीत होतो.
दहापैकी आठ मिळाले.

तिकडं लढाई पेटली, तिकडच्या गाठी अडल्या,
म्हणून इकडच्या कापसाला भाव आला.
रूळ आले, गिरणी आली, भोंगा आला,
भोंग्यामागं टिमकीतून माझी आजी चालत आली.
हे कुठल्या सूत्राखाली घालू?
मध्ये समुद्र आहे,
आणि अभ्यासक्रमात समुद्र नाही.

शेवटी प्रश्न घातला. चौदावा.
'कोटावरचे तंतू वेचणाऱ्या स्त्रीचे व्यक्तिचित्र रेखाटा. गुण पाच.'
खाली उत्तर नाही. सहा कोऱ्या ओळी.
"हे कोन विचारते, सर?" नंदनवारभाऊ म्हणाले,
"अन् उत्तर काऊन नाही? लोक म्हनतीन, छापाचं राहून गेलं."
तरी राहू दिलं त्यांनी,
पान भरत नव्हतं म्हणून.

जूनमध्ये एक मुलगी पत्ता शोधत आली,
कामठीहून, दोन बसा बदलून. उत्पला गजभिये.
ओढणीनं घाम पुसत दारातच उभी.
सर, पंच्याऐंशी रुपये दिले मी, अन् चौदाव्याचं उत्तरच नाही.
मी म्हटलं, उत्तर पुस्तकातच नाहीये, बाई.
आहे ना, ती म्हणाली.
उजव्या हातात तिच्या दिवा आहे.
म्हणजे वेचते ती डाव्या हातानं.
डावखुरी आहे ती.

बारा वेळा.

पाणी दिलं तिला. तिनं उभ्यानंच प्यायलं,
आणि पुढचे चार मुद्दे बोटांवर मोजत सांगू लागली,
ते माझ्या कानात शिरत नव्हते.
तुटलेल्या धाग्याला आई गाठ मारायची, घरीही,
माझ्या शर्टाच्या गुंडीला,
दातांत एक टोक धरून,
आणि दुसरं,
दुसरं कुठल्या हातात?

मुलगी गेली. बस चुकेल म्हणाली.
तिचे पंच्याऐंशी रुपये परत द्यायचे राहूनच गेले.